काढा

माझ्या खोलीच्या दारावर लाल दिवा आहे
आणि आत भिंतीवर, पेन्सिलीने लिहिलेली सात वाक्यं.
सातांचा अर्थ एकच: श्वास धर.
घरातली कोंकणी, शाळेतली मराठी,
हिंदी, बाजारातून उचललेली कानडी,
आणि मोडकी बरगडी धरून हसत
एका रशियन बाईने दुरुस्त करून दिलेलं
ने दिशीते.
'सोड' मात्र लिहून ठेवावं लागत नाही.
माणूस आपणच सोडतो.

शुक्रवार होता. म्हापशाचा बाजार
जिल्हा इस्पितळाच्या रांगेपर्यंत आलेला.
सोमलव्वा लमाणी, वय अंदाजे पन्नास,
राहणार हणजुणे, किनाऱ्यावर माळा विकते.
तीन आठवडे खोकला.
केसपेपरावर भाषेचा रकाना नसतो.
डॉक्टर फुर्तादोंनी आधी कोंकणीत विचारलं,
मग हिंदीत,
मग मोठ्याने हिंदीत.
वाईट माणूस नव्हे. दाराबाहेर साठजण होते.
ती बराच वेळ काहीतरी सांगत होती, बोटं मोजून,
त्याचं चिठ्ठीवर एवढंच उतरलं:
छातीचा एक्सरे.

कानशिलांवरून छातीपर्यंत उतरलेली तिची घुगरी:
चांदी, कवड्या, लाल लोकर.
मशीनला धातू चालत नाही.
मी म्हटलं, काढा.
ती बघत राहिली.
आमच्या मराठीत हा एकच शब्द सगळीकडे राबतो.
फोटो काढा, दागिने काढा, पळ काढा, आठवण काढा,
खोकल्यावर उकळून पितात तोही काढाच.
म्हणून मी हातांनी बोललो.
स्वतःच्या कानाजवळून दोन्ही मुठी खाली ओढल्या
आणि स्टीलची ताटली पुढे केली.

तिचा नवरा थावरप्पा चार दिवस
वरच्या वॉर्डात आहे, मला माहीत नव्हतं.
घुगरी बाई कधी उतरवते, तेही माहीत नव्हतं.

तिने ताटलीकडे पाहिलं.
मग छताकडे.
मग जो आवाज आला
त्याच्यासाठी माझ्या भिंतीवर वाक्य नव्हतं.

लाल दिवा चालू असताना दार उघडायचं नसतं.
उघडलं एका पोरीने. नऊ-दहा वर्षांची,
भाजलेल्या बोटाला फडकं, गळ्यात विकायच्या माळा.
तिने बाईचं ऐकलं, माझ्याकडे वळली,
आणि भाव सांगावा तशा सुरात म्हणाली:
ती विचारते, कधी मेला?

मी जिना चढलो तसा चोविसाव्या वर्षीही चढलो नव्हतो.
थावरप्पा लमाणी पेज खात होता.
तोंडाला लोणचं लावलेलं,
दुसऱ्या हाताला सलाईन.
व्हीलचेअरवर घालून आणला खाली,
सिस्टर मागून ओरडत, बाटली मी वर धरलेली,
तो वाटेत विचारत, काय झालं,
आणि मला सांगायला शब्द नाही.

तिने त्याला पाहिलं.
खांद्यावर दोन रट्टे दिले.
मग खाली फरशीवर बसली आणि खोकली,
खूप वेळ खोकली.

घुगरीसकट घेतला एक्सरे.
त्याआधी पोरीला विचारलं, तुमच्यात
श्वास धर कसं म्हणतात?
तिने सांगितलं. मी चुकलो. ती हसली, पुन्हा सांगितलं.
आठवं वाक्य. अजून नीट जमत नाही,
म्हणून इथे लिहीत नाही.

फिल्मवर दोन्ही फुप्फुसांच्या माथ्यावर
घुंगरू दिसले, कवड्या दिसल्या, एकेक मोजता येतील अशा.
मागे काय आहे ते नाही दिसलं.

दुपारी चिठ्ठी परत आली.
फुर्तादोंचं घाईतलं अक्षर:
दागिने आडवे. पुन्हा काढा.

पोर तोवर बाजारात गेली होती.
सोमलव्वा बाकावर, तिचं डोकं त्याच्या चाकाला टेकलेलं.
मी चिठ्ठी घेऊन दारात उभा.
काय काढू,
ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं.